ओजिब्वे परंपरा मुलांना शिकवायच्या आहेत: आराखडा तपासून द्याल का?

वैदेही_डुलुथ

नमस्कार मंडळी,

मिनेसोटात डुलुथच्या एका सार्वजनिक वाचनालयात ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी शनिवारचा वर्ग ठरतोय. ऑक्टोबरपासून सहा शनिवार, दर वेळी दीड तास, साधारण अठरा मुलं. विषय ओजिब्वे, म्हणजे अनिशिनाबे या इथल्या मूळनिवासी लोकांची संस्कृती आणि पवित्र परंपरा. मुलं तऱ्हेतऱ्हेच्या घरांतली आहेत, तीन-चार आपली मराठी, दोन ओजिब्वे घरांतली. वर्ग घेणारे आम्ही तिघे स्वयंसेवक, तिघंही त्या समाजाबाहेरचे.

कच्चा आराखडा असा: पहिल्या शनिवारी सात आजोबांची शिकवण. मग ड्रीमकॅचर (आत जाळं विणलेलं कडं) बनवणं. तिसऱ्या वेळी सेज ही सुगंधी वनस्पती जाळून स्मजिंग, म्हणजे तिचा धूर अंगावर घेणं. चौथ्या वेळी त्यांच्या कथांमधल्या नानाबोझो या खोडकर नायकाच्या गोष्टी. पाचव्या वेळी काड्या आणि चादरींची छोटी स्वेट लॉज, म्हणजे वाफेने शुद्धी करण्याची बंदिस्त झोपडी. शेवटी मुलांनी पिसं लावलेले पोशाख करून वर्गातच पॉववॉव, म्हणजे नाच-गाण्याचा मेळावा.

कागदावर उतरल्यावर यातलं बरंच खटकतंय, पण नेमकं काय काढायचं आणि त्या जागी काय घ्यायचं ते ठरत नाहीये. बाहेरच्या माणसाने काय शिकवलं तर चालतं? ज्येष्ठांना बोलवायची रीत काय? आणि मुलांना हाताने करण्यासारखं काय देता येईल? नेमकं, तपशिलात सांगितलंत तर फार बरं होईल.

काठावरचा_बगळा

पाचवा आणि सहावा शनिवार आजच खोडा. बाकीच्यांवर चर्चा होऊ शकते, या दोहोंवर नाही.

स्वेट लॉज (मदूदिस्वान) हा विधी आहे. तो चालवण्याचा अधिकार वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हाताखाली शिकून मिळतो. चादरीची प्रतिकृती उभारली की मुलांच्या डोक्यात तो तंबूचा खेळ होऊन बसतो, आणि वर्गातल्या त्या दोन ओजिब्वे मुलांना आपल्या घरचा विधी खेळ झालेला बघावा लागतो. समाजाबाहेरच्यांनी हा विधी 'घ्यायला' जाण्यात जिवाचाही धोका आहे. २००९ मध्ये ॲरिझोनात एका व्यक्तिमत्त्व-विकास शिबिरात असाच प्रकार झाला आणि तिघं दगावले. तेव्हा मुलांना एवढंच सांगा की हा शुद्धीचा विधी आहे, आजही चालतो, आणि त्याबद्दल बोलायचा हक्क तो चालवणाऱ्यांचा.

पोशाखाचंही तेच. पॉववॉवमधला पोशाख हा नाटकातला वेष नव्हे. त्यातली एकेक वस्तू कुणीतरी दिलेली किंवा घरातल्यांनी शिवलेली असते. गरुडाच्या पिसांना तर कायदाच आड येतो. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आणि १९४० चा गरुड संरक्षण कायदा यांमुळे रस्त्यात पडलेलं पीससुद्धा उचलून घरी ठेवता येत नाही. संघराज्याची मान्यता असलेल्या जमातींच्या नोंदणीकृत सदस्यांना ती कोलोरॅडोतल्या सरकारी भांडारातून अर्ज करून मिळतात. रंगवलेली टर्कीची पिसं कायद्यात बसतील, पण थट्टेपलीकडे त्यातून काही साधत नाही.

स्मजिंगबाबत तुमची अडचण दुहेरी आहे. वाचनालय सरकारी. १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ही रेघ स्पष्ट आहे की सरकारी संस्थेत धर्माविषयी शिकवता येतं, धर्माचरण करवून घेता येत नाही. धूर अंगावर घेणं हे आचरण आहे. शिवाय धुराची घंटा वाजते, दम्याची मुलं असतात, काही पालकांना ते चालत नाही.

त्याऐवजी चार पवित्र वनस्पती न पेटवता टेबलावर मांडा: तंबाखू (असेमा), सीडर (गीझिक), सेज (मश्कोदेवश्क) आणि तीन पेडांची वेणी घातलेलं स्वीटग्रास (वीन्गश्क). मुलांना वास घेऊ द्या, पानं ओळखू द्या. इथे एक चूक हमखास होते. दुकानातली पांढऱ्या सेजची जाड जुडी कॅलिफोर्नियातल्या वेगळ्याच झुडपाची असते, आणि तिथल्या रानात ती ओरबाडली जातेय. सरोवरांच्या प्रदेशातलं सेज म्हणजे दवण्याच्या कुळातलं रुपेरी पानांचं गवताळ झुडूप. सीडरही इथलं उत्तरेकडचं पांढरं सीडर, चपट्या पानांचं. या वनस्पती विकत घेण्यापेक्षा समाजातल्या कुणाला विचारून मिळवल्यात तर त्या कुठे, कशा आणि काय अर्पण करून तोडल्या हेही कळेल. ते कळल्याशिवाय टेबलावर नुसता पाला उरतो.

मिडेविविन हा विषय आराखड्यात नाही, तो नंतरही घुसवू नका. ती दीक्षा घेतलेल्यांची संस्था आहे. तिच्या बर्च सालीवरच्या गुंडाळ्यांची चित्रं जुन्या मानववंशशास्त्रीय ग्रंथांत छापलेली सापडतात. छापलेलं आहे म्हणून ते शिकवायला मोकळं होत नाही.

अनुराधा_थंडरबे

ज्येष्ठांना बोलवण्याबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

विनंती तंबाखूसोबत केली जाते. चार-पाच इंचांचा सुती कापडाचा चौकोन घ्या, मध्ये सुट्ट्या तंबाखूची मोठी चिमूट ठेवा आणि सुतळीने किंवा कापडाच्याच पट्टीने पुरचुंडी बांधा. बंद पाकीटही चालतं. सिगारेट काही जण स्वीकारतात, पण पुरचुंडीत तुमची तयारी दिसते. भेटायला जा, आधी काय हवं ते नीट सांगा, म्हणजे कोणती मुलं, किती वेळ, कशाबद्दल बोलावं. मग पुरचुंडी पुढे करा, शक्यतो डाव्या हाताने. त्यांनी घेतली म्हणजे विनंती मान्य. घेतली नाही तर तो नकार, आणि त्याचं कारण विचारायचं नसतं. गळ्यात पडून आग्रह करणं आपल्याकडे प्रेमाचं मानतात, तिथे ते उद्धटपणात जमा होतं.

आधी तंबाखू हातात देऊन मग विनंती सांगणं ही दुसरी नेहमीची चूक. काय मागितलंय ते कळायच्या आत माणूस बांधला जातो.

तंबाखू हे मानधन नव्हे. मानधन, गाडीचं भाडं आणि जेवण वेगळं द्यायचं. एखाद्या विद्यापीठातल्या वक्त्याला दीड तासाचे जे द्याल त्याहून कमी देऊ नका. ज्येष्ठांसोबत बहुतेक वेळा नातवंड किंवा मदतनीस असतो, त्याचंही ताट धरा. फोटो किंवा ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ते पहिल्याच भेटीत विचारा, ऐन कार्यक्रमात नाही.

अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून तंबाखू विकत घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे ती मोठ्यांनीच आणायची. मुलांनाही पुरचुंड्या बांधायला शिकवायचं असेल तर पाहुण्यांना विचारा. बऱ्याच ठिकाणी लाल विलो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉगवुडची आतली साल सुकवून तंबाखूऐवजी किंवा त्यात मिसळून वापरतात. ही तंबाखू ओढून व्यसन करायची नसते, ती जमिनीवर, पाण्यात किंवा आगीत अर्पण करायची असते, हा फरक अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत सांगा. नाहीतर घरी जाऊन तो काय सांगेल याची कल्पना करा!

सात आजोबांच्या शिकवणीबद्दल. शहाणपण, प्रेम, आदर, धैर्य, प्रामाणिकपणा, नम्रता आणि सत्य, ही यादी समाजाच्या शाळांच्या भिंतींवरही असते, म्हणजे ती शिकवायला हरकत नाही. पण सात रंगीत तक्ते लावून 'अस्वल म्हणजे धैर्य' एवढ्यावर थांबू नका. ही सातही सोबत चालवायची असतात. नम्रतेशिवायचं धैर्य मग्रुरी होतं, प्रेमाशिवायचं सत्य जखम करतं. मुलांना एकेक प्रसंग द्या, उदाहरणार्थ मित्राने परीक्षेत नक्कल केलेली पाहिली, आणि सातांपैकी कोणत्या दोन शिकवणी एकमेकींना ओढतायत ते बोलू द्या. कोणत्या शिकवणीला कोणता प्राणी हे गावागणिक बदलतं. प्रामाणिकपणाला कुणी डोमकावळा सांगतात, कुणी साबे हा रानातला केसाळ महाकाय. तुमच्या तक्त्यापेक्षा पाहुण्यांनी वेगळं सांगितलं तर तक्ता खाली उतरवा.

तहनामा

चौथा शनिवार. नानाबोझोच्या गोष्टी 'आदिझूकान' प्रकारातल्या, म्हणजे पवित्र कथा. त्या जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. ऑक्टोबरमध्ये डुलुथला बर्फ असेलच असं नाही, आणि असला तरी सांगणारे तुम्ही नव्हे. छापील पुस्तकातून उन्हाळ्यातही वाचायला हरकत नाही असं मानणारे आहेत, न मानणारेही आहेत. शंका असेल तर थांबा. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी, 'दिबाजिमोविन', म्हणजे घडलेल्या घटना आणि इतिहास, बारा महिने सांगता येतात. तुमच्यासारख्यांचं खरं काम तिथे आहे, आणि ते तुमच्या आराखड्यात मुळीच नाही याचं जरा आश्चर्य वाटलं.

१८५४ च्या तहापासून सुरुवात करा, कारण तुमचं वाचनालय त्याच तहाने ओजिब्वेंनी सोडलेल्या जमिनीवर उभं आहे. त्यामागचा क्रम असा. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी ओजिब्वेंनी आजच्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि मिशिगनमधला मोठा प्रदेश सोडला, पण तिथे शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करण्याचा हक्क ठेवला. १८३७ च्या तहाच्या पाचव्या कलमात जंगली तांदूळ गोळा करण्याचा उल्लेख नावानिशी आहे. १८५० मध्ये अध्यक्ष झॅकरी टेलर यांनी त्यांना हलवण्याचा हुकूम काढला. तहांनुसार दरवर्षी मिळणारी रक्कम नेहमीच्या ला पॉइंटऐवजी दूर पश्चिमेला सँडी लेकला मिळेल असं कळवून शरदात हजारो लोकांना तिथे बोलावलं गेलं. अन्न वेळेवर आलं नाही, आलं ते खराब होतं. तिथे उपासमारीने आणि रोगाने, आणि मग हिवाळ्यात परतीच्या वाटेवर, मिळून सुमारे ४०० माणसं गेली. १८५२ मध्ये नव्वदीच्या आसपास असलेले प्रमुख बफेलो (केचेवैश्के) होडीने निघाले, वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांना भेटले आणि तो हुकूम मागे घेतला गेला. ३० सप्टेंबर १८५४ ला मॅडलिन बेटावर ला पॉइंटला जो तह झाला, त्यात लेक सुपीरियरच्या ओजिब्वेंना आपापल्या जागी कायमची आरक्षणं, म्हणजे राखीव जमिनी, मिळाली. तुमच्यापासून पश्चिमेला अर्ध्या तासावर फॉन्ड ड्यू लॅक आहे, ते त्यांतलंच.

वर्गात करायचं काय? प्रदेशाचा कोरा नकाशा द्या आणि तीन तहांचे तीन भाग तीन रंगांनी रंगवायला लावा. मग पाचवं कलम मोठ्याने वाचा आणि विचारा: जमीन विकली की मासेमारीचा हक्क आपोआप जातो का? बारा वर्षांची मुलं यावर तासभर भांडतात. शेवटी न्यायालयांनी काय म्हटलं ते सांगा. १९८३ चा व्हॉइट निकाल आणि १९९९ चा मिल लॅक्स खटला, जो सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा सुटला. हक्क शाबूत राहिले. सरकारने ते 'दिले' असं मुलं म्हणाली की तिथेच थांबवा. ते ओजिब्वेंनी कधी सोडलेच नव्हते.

पवित्र परंपरांशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. १८८३ च्या नियमावलीने अमेरिकेत आरक्षणांवरचे नाच आणि विधी गुन्हा ठरले. कॅनडात १८९५ च्या दुरुस्तीने तेच झालं, ते १९५१ ला सुटलं. अमेरिकेत धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा यायला १९७८ उजाडलं. मधल्या काळात मुलं निवासी शाळांत नेली गेली आणि भाषा बोलल्याबद्दल मार खात होती. पालकांच्या तोंडून जे यायचं ते या पिढीतल्या अनेकांना पुन्हा शिकावं लागतंय, ते यामुळे. निवासी शाळांबद्दल बोलायचं असेल तर पालकांना आठवडाभर आधी कळवा. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते भोगलं ती मुलं तुमच्या वर्गात असू शकतात.

आणि त्या दोन मुलांकडे वळून 'तुमच्यात असंच असतं ना?' असं कधीही विचारू नका. ती शिकायला आलीत.

भातखाचर

हाताने करण्यासारखं हवंय आणि महिना ऑक्टोबर, म्हणजे मनूमिन! जंगली तांदळाचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे तुमच्या वर्गाच्या वेळी ताजा माल असतो. शिवाय हा विषय पवित्रही आहे आणि उघडाही. पूर्वेच्या समुद्रकाठाहून पश्चिमेकडे येताना 'जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा' असं भाकीत होतं, ही स्थलांतराची हकीकत सगळीकडे सांगितली जाते.

हा आपला तांदूळ नव्हे, पाण्यातल्या एका गवताचं दाणं आहे. काढणी दोघांनी करायची. एक जण होडीच्या टोकाला उभा राहून लांब काठीने होडी पुढे ढकलतो, दुसरा बसून दोन हलक्या दांड्यांनी काम करतो. एका दांडीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने हळूच झटकायची. पिकलेले दाणे होडीत पडतात, हिरवे ताटावर राहतात. मिनेसोटा राज्याच्या नियमात होडी १८ फुटांपेक्षा लांब आणि ३६ इंचांपेक्षा रुंद चालत नाही, दांडी ३० इंचांपर्यंत आणि वजनाला एक पौंडाच्या आत, वेळ सकाळी ९ ते दुपारी ३. आरक्षणातल्या तलावांवर त्या त्या जमातीचे स्वतःचे नियम चालतात. जोरात झोडलं तर ताटं मोडतात आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा यायचं कारणच उरत नाही. पाण्यात पडलेले दाणे वाया जात नाहीत, ते पुढच्या वर्षाचं बी.

त्यानंतर चार कामं. ताडपत्रीवर पसरून वाळवणं: ढीग ओला राहिला तर आतून तापतो आणि बुरशी धरतो, म्हणून सारखा उलटायचा. मग लाकडाच्या जाळावर तिरक्या ठेवलेल्या लोखंडी कढईत भाजणं, वल्ह्याने हलवत. हात थांबला की करपतो. भाजल्याने टरफल ठिसूळ होतं. मग खड्ड्यात घालून स्वच्छ मऊ मोकासिन (चामड्याचे जोडे) घालून तुडवणं, दोन्ही बाजूंच्या काठ्यांना धरून, जेणेकरून अंगाचं सगळं वजन दाण्यावर येणार नाही. आले ते वजन तर कणी होते. शेवटी बर्च सालीच्या पसरट सुपात पाखडणं. पाखडणं म्हटल्यावर तुमची मराठी मुलं घरी जाऊन आजीला विचारतील, विचारू द्या.

वर्गात यातलं पाखडणं जमतं. काढणी करणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडून तुडवलेला पण न पाखडलेला दोन-तीन पौंड माल मागा. अठरा मुलांना गटागटाने पुरतो. करायचं बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. कुसळं डोळ्यांत आणि घशात टोचतात, चष्मे द्या आणि दम्याच्या मुलांना लांब बसवा. सूप नसेल तर पसरट टोपली घ्या, पण बर्च सालीचं खोटं सूप पुठ्ठ्याचं करू नका.

शिजवायचा तर हाताने काढून लाकडावर भाजलेलाच घ्या. रंग करडा-तपकिरी असतो, वाटीला तीन वाट्या पाणी, वीस ते तीस मिनिटांत दाणा उमलतो. किराणा दुकानातला काळाकुळकुळीत चकचकीत माल बहुतेकदा यंत्राने कापलेल्या शेतातला असतो. त्याला पाऊण ते एक तास लागतो आणि तुमचा वर्ग संपून जातो. दोन्ही दाणे शेजारी ठेवून दाखवा. खाण्याआधी थोडं अर्पण करण्याची रीत आहे. पाहुणे असतील तर ते करतील, नसतील तर तुम्ही तो विधी करू नका, फक्त सांगा.

पाण्याचं बोलल्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. जूनमध्ये रोप पानं पाण्यावर तरंगवतं, त्या आठवड्यांत धरणामुळे किंवा पावसाने पाणी चढलं की ते मुळासकट उपटतं. खाणींतून येणारं सल्फेट तळाच्या गाळात सल्फाइड होतं आणि मुळांना मारतं. मिनेसोटाने १९७३ मध्येच जंगली तांदळाच्या पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली, आणि तिच्या अंमलबजावणीवरून आजही वाद आहेत. २०१८ मध्ये व्हाइट अर्थ या ओजिब्वे जमातीने मनूमिनलाच कायदेशीर हक्क देणारा कायदा केला. चौदा वर्षांच्या मुलांना हे चांगलं कळतं.

सुई_दोरा

ड्रीमकॅचर काढून टाका असं कुणी अजून म्हटलं नाही, मीही म्हणत नाही, पण प्लास्टिकचे मणी आणि गुलाबी पिसं नकोत. १९२९ मध्ये फ्रान्सिस डेन्समोर यांनी ओजिब्वेंकडून नोंदवलं ते असं: साडेतीन इंच व्यासाचं लाकडी कडं, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं विणलेलं, पूर्वी खाजकुइलीसारख्या टोचणाऱ्या नेटलच्या धाग्याचं, लाल रंगवलेलं, बाळाच्या पाळणा-फळीच्या कमानीला टांगलेलं. म्हणजे ती तान्ह्या बाळासाठीची वस्तू. गाडीच्या आरशाला लटकवायची पद्धत अगदी अलीकडची.

काठावरचा_बगळा

@सुई_दोरा, इतिहास बरोबर, पण माझं मत काढून टाका असंच आहे. दीड तासात अठरा कडी विणून होणार आणि मुलांच्या लक्षात फक्त तेवढंच राहणार. सगळ्या उन्हाळी शिबिरांत हे होतंच. ही दोन मुलं ते आठव्यांदा करतील.

सुई_दोरा

मान्य. मग दोरी वळायला शिकवा. बासवुडच्या आतल्या सालीची (वीगोब) दोरी पोती, चटया, घराची चौकट, सगळ्याला लागायची, आणि त्यात विधी काही नाही. साल जूनमध्ये सोलून काही आठवडे पाण्यात कुजवतात, मग तिचे पातळ पदर सुटे होतात. ऑक्टोबरमध्ये ती मिळाली नाही तर राफिया (ताडाच्या पानांचा धागा) पाण्यात दहा मिनिटं भिजवून घ्या आणि हा राफिया आहे हे स्पष्ट सांगा. पट्टी मध्यापासून थोडी बाजूला दुमडायची, वरचा पदर आपल्यापासून लांब पिळायचा, तो आपल्याकडे खालच्यावरून आणायचा, आता वर आलेला पदर पुन्हा लांब पिळायचा. पीळ एका दिशेने, वळणं उलट दिशेने, म्हणून ती सुटत नाही. मुलं दोन्ही गोष्टी एकाच दिशेने करतात आणि हात सोडला की दोरी उलगडते. अगदी मध्यावर दुमडलं तर दोन्ही पदर एकदम संपतात, जोड शेजारी-शेजारी येतात आणि दोरी तिथेच तुटते. जोड मागे-पुढे पडले पाहिजेत. वीस मिनिटांत हातभर होते.

दीर्घ_ईकार

भाषेला प्रत्येक शनिवारी दहा मिनिटं द्या, वेगळा दिवस नको. 'दुहेरी स्वर' पद्धतीचं लेखन शिकवलं जातं, त्यात रोमन स्वर दोनदा लिहिला की दीर्घ, एकदा लिहिला की ऱ्हस्व. देवनागरी येणाऱ्या मुलांना हे चटकन कळतं. इंग्रजी वाचणारी मुलं मात्र ऱ्हस्व स्वर ताणतात आणि शब्द बदलतो. उच्चार तुमच्या तोंडून शिकवू नका. मिनेसोटा विद्यापीठाचा ऑनलाइन ओजिब्वे शब्दकोश आहे, त्यात ज्येष्ठ वक्त्यांचे आवाज आहेत. तो लावा आणि मुलांसोबत तुम्हीही म्हणा.

सुरुवातीला 'बोझू' किंवा 'आनीन' (नमस्कार), 'मीग्वेच' (आभार), आणि नावापुढे 'निंदिझिनिकाझ' लावून 'माझं नाव अमुक' पुरे. पुढे गावाच्या नावाला जोडून 'निंदोंजिबा', 'मी तिथली'. तिसरं वाक्य कुळाचं असतं, दूदेमचं. ते मुलांना भरायला लावू नका. क्रौंच, लून, अस्वल, मार्टेन, मासा वगैरे कुळं वडिलांकडून येतात, एका कुळात लग्न होत नाही, कुळाकडे समाजातली कामं असतात. 'तुझा आवडता प्राणी निवड' हा खेळ शाळांत सर्रास चालतो आणि तो चुकीचा आहे. आडनाव निवडून घ्यायला सांगण्यासारखंच ते.

वैदेही_डुलुथ

सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा बसून असं केलं: पहिला शनिवार नकाशा आणि तह. दुसरा मनूमिन, पाखडण्यासह. तिसरा चार वनस्पती आणि दोरी वळणं, पाहुण्यांनी वनस्पतींबद्दल बोलायचं मान्य केलं तर. चौथा सात शिकवणी, प्रसंगांमधून. पाचवा १८८३ ते १९७८ आणि आजची शाळा, विस्कॉन्सिनमधल्या वाडूकोडाडिंगसारख्या पूर्ण ओजिब्वेतून शिकवणाऱ्या शाळेबद्दल. सहावा रिकामा ठेवलाय, ज्येष्ठांना जे सांगावंसं वाटेल त्यासाठी. स्मज, स्वेट लॉज, पोशाख, नानाबोझो बाहेर. खऱ्या पॉववॉवला मुलांना नेलं तर चालेल का?

अनुराधा_थंडरबे

नेलं तर उत्तमच. मुलांना आधी सांगून ठेवा: ग्रँड एंट्रीला, म्हणजे सुरुवातीला नर्तक रिंगणात येताना, उभं राहायचं, टोपी काढायची. निवेदकाने 'फोटो नको' म्हटलं की फोन खिशात. पोशाखाला हात लावायचा नाही, फोटो हवा तर त्या व्यक्तीला विचारायचं. ढोलाभोवतीच्या खुर्च्या गायकांच्या, मोकळ्या दिसल्या तरी बसायचं नाही. पीस जमिनीवर पडलेलं दिसलं तर उचलू नका, जवळच्या नर्तकाला किंवा रिंगणातल्या व्यवस्थापकाला सांगा. निवेदकाने 'इंटरट्रायबल' पुकारलं की सगळ्यांनी नाचायचं, साध्या कपड्यांत. ब्लँकेट डान्स, म्हणजे पैसे गोळा करण्याचा नाच, झाला तर ब्लँकेटवर टाकायला मुलांकडे सुट्टे डॉलर असू द्या.

जिंगल ड्रेसचा, म्हणजे धातूचे शंकू लावलेल्या झग्याचा, नाच दिसला की त्याचा इतिहास जरूर सांगा, तो उघडपणे सांगितला जातो. १९१८ च्या फ्लूच्या साथीच्या सुमाराची गोष्ट. आजारी मुलीसाठी तिच्या घरच्या वडीलधाऱ्याला स्वप्नात हा पोशाख आणि नाच दिसला आणि ती बरी झाली. मिनेसोटातलं मिल लॅक्स आणि ओंटारिओतलं व्हाइटफिश बे, दोन्ही ठिकाणचे लोक हा उगम आपल्याकडचा सांगतात. निकाल लावायला जाऊ नका, दोन्ही सांगा. झग्यावरचे शंकू पूर्वी तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांचे वळवत.

सहावा शनिवार रिकामा ठेवलात हे छान, पण आणखी एक राखीव तारीख वाचनालयाकडून लिहून घ्या. समाजात कुणी गेलं तर ज्येष्ठ ठरलेला कार्यक्रम सोडून तिकडे जातात, दिवस मोडतात, आणि त्याबद्दल फोन येईलच असं नाही. आणि मानधनाचे कर-फॉर्म कार्यक्रमाच्या आधीच्या भेटीत भरून घ्या. सार्वजनिक संस्थांचे धनादेश दोन-तीन आठवड्यांनी निघतात, तेव्हा भाड्याचे पैसे तरी त्याच दिवशी रोख हातात पडतील अशी सोय करा.